उजव्या भिंतीवरचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या सातव्या मजल्यावर, एका खोलीच्या बाथरूममध्ये, कमोडच्या उजव्या हाताच्या भिंतीवर मला आडवं बसवलेलं आहे. माझी लांबी दोन फुटांच्या आसपास. अंगावर ओरखडे बरेच आहेत, पण गंजाचा एक ठिपकाही नाही. माझ्या आयुष्यात जे घडलं त्यातलं निम्मं मला तेव्हा समजलं नव्हतं, आणि थोडं अजूनही समजलेलं नाही. तरी सांगतो. कदाचित तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर उमगेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. स्टीलच्या लांबच लांब नळीतून मला कापलं, दोन्ही टोकांना वाकवलं. एका वेल्डरबाईंनी माझ्या टोकांना जाड चकत्या जोडल्या. त्यांचं काम फार नेटकं. जोड थंड झाला की हातमोजा काढून त्या उघड्या बोटाने तो चाचपून बघत, आणि जरा जरी खडबडीत लागला तरी पुन्हा घासायला घेत.

"कशाला एवढं?" शेजारच्या टेबलावरची बाई एकदा म्हणाली. "भिंतीला तर लागणार."

"हाताला लागणार," वेल्डरबाई म्हणाल्या. "आणि माणूस घाईत धरतो."

कुठला माणूस, कसली घाई, मला काही अर्थ लागला नाही. पुढे मला एका चौकटीत अडकवलं आणि माझ्या मध्यावर वजनं टांगायला सुरुवात केली. दीडशे किलो झाल्यावर तपासनीस म्हणाला, "हा माणूस पेलेल," आणि माझ्यावर शिक्का मारला. मी हादरलोच. मला वाटलं, आता माझ्यावर एखादा माणूस टांगणार. त्या बिचाऱ्याने काय गुन्हा केला असेल, याचा मी खोक्यात पडल्या पडल्या कितीतरी दिवस विचार करत होतो.

खोकं उघडलं ते थेट जहाजावर. जहाज अजून बांधून व्हायचं होतं. सगळीकडे ठोकाठोक, रंगाचा वास, लोंबणाऱ्या तारा. एका फिटरने मला या भिंतीवर धरलं, खुणा केल्या, भोकं पाडली आणि स्क्रू आवळले. मग तो मागे सरून कमोडकडे पाहत उभा राहिला.

"दुसऱ्या बाजूला काय लावायचं?" त्याने मुकादमाला विचारलं.

"दुसऱ्या बाजूला कशाला काय?"

"नाही, इकडे एक आधार आहे, तर तिकडे नको का?"

मुकादमाने नकाशा उलगडला, बोट फिरवलं. "नकाशात एक आहे. एक लाव आणि पुढच्या खोलीत चल."

फिटरने खांदे उडवले आणि तो गेला.

ही खोली चालायला, उठायला, बसायला अवघड जातं अशा लोकांसाठी होती. बाथरूमचं दार रुंद होतं, उंबरठा नव्हता, अंघोळीसाठी भिंतीला घडीचं बाकडं होतं. छतापासून जमिनीपर्यंत एक लाल दोरी सोडलेली होती. कुणी पडलं तर पडल्या जागेवरून ती ओढायची, की बाहेर घंटा वाजते. बाहेरच्या दारावर व्हीलचेअरचं चित्रही होतं म्हणे. पण मित्रांनो, दारावरचं चित्र मला आतून कसं दिसणार? मला ही खोली कुणासाठी आहे हे कुणी सांगितलंच नाही.

आणि येणारी माणसं तरी कशी? खोली इतरांपेक्षा ऐसपैस, म्हणून धडधाकट लोक ती आधीच अडवून ठेवत. ते पोहून येत आणि ओले कपडे माझ्यावर टाकत. एका बाईंनी माझ्यावर अकरा मोजे वाळत घातले होते. बारावा कुठे गेला ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. एक तरुण गृहस्थ रोज सकाळी माझ्यावर पाय टेकवून व्यायाम करायचे आणि आरशात स्वतःला बघायचे.

खोली आवरायला येणारा माणूस मात्र वर्षानुवर्षं एकच होता. पन्नाशीचा, बुटका, गुडघे करकरणारा. तो टॉवेलांच्या घड्या घालून हत्ती, हंस, ससे बनवायचा आणि पलंगावर ठेवायचा. प्रवाशांची मुलं त्याला घडीमामा म्हणायची, मग सगळेच म्हणू लागले. माझ्या खोलीत तो टॉवेलाचं माकड करायचा आणि ते दोन्ही हातांनी माझ्यावर लटकवून ठेवायचा. त्या माकडाचे लोकांनी पुष्कळ फोटो काढले. त्यात मीही असेन.

फरशी पुसताना ती लाल दोरी सारखी फडक्यात यायची, भिजायची, मळायची. घडीमामाने एक दिवस तिला वर गुंडाळून पक्की गाठ मारली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एव्हाना माझी खात्री पटली होती की मी वाळत घालायची दांडी आहे. दीडशे किलोचं कोडंही मी सोडवलं होतं. टॉवेल ओला झाला की जड होतो, त्यासाठी असेल.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मग ताई आली.

त्या दोघी बहिणी होत्या. थोरली साठी ओलांडलेली, उंच, ताठ मानेची, चार पायांच्या काठीवर टेकून चालणारी. धाकटी तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, गोल चेहऱ्याची, कमरेला रुंद पट्टा बांधलेली. धाकटी थोरलीला ताई म्हणायची, थोरली तिला छोटी. मीही तेच म्हणतो.

बाथरूमचं दार उघडल्याबरोबर छोटीचा चेहरा फुलला. "बघ ताई, दांडा आहे. मी फोनवर तीनदा विचारून घेतलं होतं, आधाराला दांडा आहे का, आहे का. आहे म्हणाले." तिने माझ्यावरचं माकड उचलून बाजूला ठेवलं आणि मला हाताने हलवून बघितलं. मी हललो नाही. "केवढा मजबूत आहे."

आधाराला. मित्रांनो, हा शब्द मी स्वतःविषयी पहिल्यांदा ऐकला. माझ्या डोक्यात सगळा गोंधळ उडाला. मी मोज्यांसाठी नव्हतो? माकडासाठी नव्हतो?

ताई मात्र माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"उजवीकडे आहे का गं हा?" छोटीच्या एकदम लक्षात आलं. "तुझा तर…"

"चालेल की," ताई लगेच म्हणाली. "उजव्या हाताला व्यायाम होईल. डॉक्टर तरी दुसरं काय सांगतात?"

छोटीने तिच्याकडे निरखून पाहिलं. ताई हसली. मग छोटीही हसली, आणि विषय तिथेच संपला.

ती एकटी आत आली तेव्हा मी जे पाहिलं ते मला अजिबात कळलं नाही. ती कमोडवर बसली. डाव्या हाताने तिने स्वतःचा उजवा हात उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा. तो माझ्यावर ठेवला. मग डाव्या हाताने त्याची बोटं एकेक करून माझ्याभोवती वळवली. मी वाट बघत राहिलो. आता धरेल, आता जोर लावेल. पण तिने डावा हात काढून घेतला मात्र, ती बोटं माझ्यावरून घसरली आणि हात मांडीवर पडला. तिने पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तिने ठेवला नाही. तिने छोटीला हाक मारली.

छोटीने तिच्या काखेत हात घालून तिला उचललं. उचलताना छोटीच्या तोंडून बारीकसा "आई गं" निघाला आणि तिचा हात कमरेवर गेला.

"लचकली?" ताईने विचारलं.

"छे. पट्टा जरा सैल झालाय."

पण ताईने ते ऐकलं होतं, आणि मीही.

माझं काय चुकलं ते मी स्वतःला विचारत राहिलो. मी गुळगुळीत आहे म्हणून? मी गार आहे म्हणून? ज्यांना माझी गरज नव्हती त्यांनी माझ्यावर हवं ते टाकलं, आणि जी माझ्यासाठीच आली होती तिची बोटं माझ्यावर टिकत नव्हती.

बहिणींचं बोलणं मी ऐकायचो. छोटी रोज सकाळी आरशासमोर ताईची वेणी घालून द्यायची, तेव्हा दोघींच्या गप्पा चालायच्या. ताईने सारी हयात टंकलेखनाचा वर्ग चालवला होता. हजारो मुली तिच्या हाताखालून गेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. पाय काठीच्या आधाराने थोडा सुधारला, हात नाही. तेव्हापासून छोटी तिच्याकडेच राहत होती. घरी कमोडच्या डाव्या बाजूला एक जड लाकडी खुर्ची ठेवलेली होती, तिच्यावर डावा हात रोवून ताई एकटी उठायची.

"दोन वर्षांत तू एक सिनेमा तरी पाहिलास का थिएटरात जाऊन?" ताई एकदा म्हणाली.

"घरी बघते की टीव्हीवर."

"मी झोपले की. आवाज बंद करून."

छोटी केस विंचरत राहिली. "आता बघते आहे ना समुद्र. किती दिवसांचं मनात होतं. तू बरोबर आहेस, दोघी बघतोय, अजून काय पाहिजे?"

ताई आरशातून तिच्याकडे बघत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. तिने ते गिळलं, असं मला वाटलं. पण मला तेव्हा माणसांचं फारसं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. छोटी वर नाश्ता आणायला गेली की ताई काठी बाहेरच ठेवून, खांदा भिंतीला टेकवत, पाण्याचा पेला घेऊन हळूहळू बाथरूममध्ये यायची. पेला भरलेला असायचा. ती तो बेसिनमध्ये ओतायची आणि रिकामा पेला परत न्यायची. चहाचंही तेच. दुपारी छोटी बाहेरून विचारायची, "पाणी प्यायलीस?" आणि ताई म्हणायची, "हा काय, पेला रिकामाच आहे." पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा आलेली ताई आता दोनदाच आत यायला लागली. ओठ तिचे सुकलेले दिसायचे. तहान लागलेली बाई पाणी ओतून का देते, या कोड्याने माझं डोकं भणभणून गेलं. पाणी खराब असेल? मग ती छोटीला का सांगत नाही?

चौथ्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावर गाण्यांचा कार्यक्रम होता. ताईने छोटीला बळेच पाठवलं. "मला झोप येतेय. तू जा आणि संपल्याशिवाय येऊ नकोस."

छोटी गेली. जरा वेळाने ताई आत आली. तिचं पाऊल नीट पडत नव्हतं. ती बसली, आणि उठायची वेळ आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताला बेसिन होतं आणि बेसिनशेजारी भिंतीवर हात पुसायच्या टॉवेलसाठी एक बारीक पोकळ नळी लावलेली होती. ताईने ती धरली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. नळी भिंतीतून उपटून आली. ताई नळीसकट खाली गेली.

मी दीड हातावर होतो, मित्रांनो. खाली वाकणं माझ्या हातात नव्हतं.

ती उताणी पडली होती. जागी होती. आधी तिने पाय हलवून बघितले. मग तिने लाल दोरी शोधली. दोरी होती, पण छताजवळ, गुंडाळून, गाठ मारलेली. ताई त्या गाठीकडे पाहत राहिली. काठी दाराजवळ उभी होती, तिथवर हात पोचेना. तिने दोनदा छोटीला हाक मारली. मग तीही थांबवली, कारण तिनेच तिला वर पाठवलं होतं.

थोड्या वेळाने टकटक ऐकू यायला लागली. ताईचा डावा हात फरशीवर बोटं आपटत होता. ती पुटपुटत होती, "ए, एस, डी, एफ. ए, एस, डी, एफ." वर्गात मुलींना शिकवायची तसं. ग्लानी येऊ नये म्हणून असेल. एवढंच पुन्हा पुन्हा. पुढची अक्षरं उजव्या हाताची होती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग बाहेरच्या दारावर थाप पडली आणि घडीमामाचा आवाज आला, "मॅडम, खोली आवरू का?"

"आधी मला आवरा," ताई म्हणाली.

तो धावत आत आला. तिला उचलायला वाकला आणि तसाच थांबला. काय मोडलंय काय नाही ठाऊक नाही, म्हणून त्याने उचललं नाही. एक टॉवेल घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवला, दुसरा अंगावर पांघरला. खोलीतल्या फोनवरून जहाजाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना कळवलं आणि परत येऊन तो चक्क फरशीवर तिच्याशेजारी बसला. त्याचे गुडघे करकरले. तेव्हा त्याची नजर वर गेली.

"ती गाठ मी मारली," तो म्हणाला. "भिजते म्हणून."

"मग सोडा आता," ताई म्हणाली.

तो उठला. गाठ जुनी, घट्ट झालेली. त्याने ती नखांनी उकलून सोडवली. दोरी सुटून खाली आली आणि तिचं टोक ताईच्या हाताजवळ पडलं.

नर्सबाई आल्या, त्यांनी हातपाय तपासले, डोळ्यांत बॅटरी मारली. हाड मोडलेलं नव्हतं. खांद्याला मुका मार होता. त्यांनी आणि घडीमामाने मिळून ताईला घडीच्या बाकड्यावर बसवलं. नर्सबाईंनी तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत उचलली. चिमूट सोडली तरी कातडी तशीच उभी राहिली.

"दिवसाला पाणी किती पिता?"

तेवढ्यात निरोप मिळून छोटी धापा टाकत दारात आली.

"पिते ती," छोटी म्हणाली. "पेले रिकामे असतात. मी बघते ना."

"बेसिनमध्ये ओतते मी," ताई म्हणाली.

छोटीला कळायला एक क्षण लागला. मलाही तेव्हाच कळलं, म्हणून मी तिला दोष देत नाही. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. बाथरूमला गेलं की उठता येत नाही. उठता येत नाही म्हणून छोटीला हाक मारावी लागते, आणि छोटीची कंबर. एवढं साधं होतं ते. तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

"मला सांगायचं नाही?" छोटीचा आवाज चिरकला.

"सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस. तुझी सहल गेली असती."

"मग आता काय हसतेय का मी?"

ताईने मान खाली घातली. छोटी तिच्या पायाशी बसली, आणि रागारागाने तिचे विस्कटलेले केस कानामागे सारू लागली.

नर्सबाईंनी पाण्यात मीठ-साखरेची पूड कालवून पेला ताईच्या हातात दिला. मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो आजवर कुणीच विचारला नव्हता. ना फोनवरच्या माणसाने, ना मुकादमाने, ना आणखी कुणी.

"तुम्ही कुठल्या हाताने धरता?"

"डाव्या."

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. मी उजव्या भिंतीवर होतो. मी आयुष्यभर उजव्या भिंतीवर होतो. त्या वेळी भिंतीत शिरता आलं असतं तर मी शिरलो असतो.

घडीमामा दबक्या आवाजात म्हणाला, "समोरच्या खोलीत डावीकडे आहे."

"काय?"

"दांडा. समोरची खोली म्हणजे हीच, पण उलटी. दोन तळहात असतात तशा आहेत या दोन खोल्या. सगळं तेच, फक्त तिकडचं इकडे." त्याने कपाळावर हात मारला. "रोज दोन्ही पुसतो मी. इतकी वर्षं. कधी डोक्यातच आलं नाही."

समोरच्या खोलीत एक जोडपं राहत होतं. दोघंही धडधाकट. खोली ऐसपैस म्हणून घेतलेली. छोटी आणि घडीमामा त्यांच्याकडे गेले. दोन्ही खोल्यांची दारं उघडी होती आणि मधे नुसता बोळ, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

समोरचे गृहस्थ वाईट नव्हते. पण ते म्हणाले, "आम्ही आठ महिने आधी ही खोली घेतलीय. सामान लावून झालंय. तुम्ही ऑफिसशी बोला ना. दुसरी असेल एखादी."

"अशा दोनच आहेत या मजल्यावर," घडीमामा म्हणाला.

"मग ऑफिसने ठरवावं. मला यात ओढू नका."

ऑफिसातून खोल्यांच्या प्रमुख बाई आल्या. त्या म्हणाल्या, आम्ही कुणाला उठवू शकत नाही, विनंती करू शकतो. त्यांनी विनंती केली. गृहस्थांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. छोटी परत आली ती डोळे पुसतच.

"राहू दे," ताई म्हणाली. "माझी काठी दे."

"कशाला?"

"दे तर."

पाण्याचा तो पेला तिने पूर्ण संपवला होता. ती उठली. छोटीने आधार द्यायला हात पुढे केला तो तिने बाजूला केला. एकेक पाऊल टाकत ती खोलीबाहेर पडली, बोळ ओलांडला आणि समोरच्या दारात उभी राहिली. काठीचा प्रत्येक ठोका मी मोजत होतो.

"नमस्कार," ती म्हणाली. "मला तुमची खोली नकोय. फक्त एकदा तुमचं बाथरूम वापरू द्या."

मग त्या गृहस्थांच्या बायकोचा आवाज आला, "या ना. या आत."

बाथरूमचं दार लागलं. उघड्या दारातून मला छोटी बोळात उभी दिसत होती, तिचे दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यावर. ती कान देऊन ऐकत होती. हाक येईल म्हणून. घडीमामा फडकं हातात घेऊन नुसताच उभा होता. मीही ऐकत होतो. माझ्याच कारखान्यातला, माझ्याच मापाचा एक दांडा त्या दाराआड होता आणि त्याच्यावर आता काय भार पडला असेल, याचा मी अंदाज करत होतो.

हाक आली नाही. पाण्याचा आवाज आला. नळाचा आवाज आला. मग दार उघडलं आणि काठीचे ठोके ऐकू आले.

"झालं," ताई म्हणाली. "उपकार झाले तुमचे. चार दिवसांनी एकटीने उठले."

ती परत निघाली. अर्धा बोळ ओलांडला असेल नसेल, मागून त्या गृहस्थांचा आवाज आला. तो आता चढा नव्हता.

"आमच्या बॅगा कुठे ठेवायच्या?"

संध्याकाळपर्यंत खोल्या बदलल्या. घडीमामानेच दोन्हीकडचं सामान वाहिलं. छोटी राहिलेला कंगवा घ्यायला आत आली आणि जाताना दिवा मालवून गेली.

मित्रांनो, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता ना? ताईची सोय झाली होती. घडीमामा आवरायला आला की गुणगुणत सांगायचा, ताई आता जेवायला वर जातात, काल गाण्याला गेल्या होत्या, दोघी बहिणी रेलिंगला टेकून उभ्या होत्या. मी ऐकायचो आणि मला बरं वाटायचं. आणि लगेच वाईटही वाटायचं. ती बरी होती ती माझ्यापासून लांब गेल्यामुळे. मग मी कुणाच्या उपयोगाचा? माझ्यावर आता त्या गृहस्थांची पोहण्याची चड्डी वाळत होती. आनंदाने रडावं की दुःखाने, आणि मुळात दांड्याने रडावं का, हेच मला ठरवता येईना.

प्रवासाच्या शेवटच्या दिवशी सकाळी जहाजाचा सुतार अवजारांची पेटी घेऊन आत आला. त्याच्या काखेत लांब पुडकं होतं. खोल्यांच्या प्रमुख बाईंनी आदल्या बंदरातून मागवलेला नवा दांडा. हा घडीचा होता. कमोडच्या डाव्या हाताला, मागच्या भिंतीला लावायचा, नको तेव्हा वर उचलून ठेवायचा. अगदी असाच एक समोरच्या खोलीत उजव्या हाताला बसणार होता. गृहस्थांनी आपले ओले कपडे माझ्यावरून घाईघाईने काढून घेतले आणि ते दाराबाहेर उभे राहिले.

सुताराने नकाशा काढला, टेप लावली. "उंची दिलीय यात. इथे भोक पडेल."

"थांब," घडीमामा म्हणाला. "आपण नको ठरवूया."

तो समोर गेला आणि ताईला बोलावून घेऊन आला. सामान बांधून झालेलं होतं, तिने बाहेर जायचे बूट घातलेले होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग झाकण पाडून ती कमोडवर कपड्यानिशी बसली, डावा हात अधांतरी पुढे केला आणि तो थोडा वर, थोडा खाली करून बघितला.

"इथे," ती म्हणाली. "उठताना मला दाबायचं असतं, लटकायचं नसतं. म्हणून खाली."

सुताराने पेन्सिलीने खूण केली. नकाशातल्या उंचीपेक्षा ती चार बोटं खाली होती. तो दोन्ही खुणांकडे आळीपाळीने पाहत राहिला.

"आणि हा नवा जाड आहे का फार?" ताईने विचारलं. "मुठीत मावायला हवा."

"बघा ना," सुतार म्हणाला, पण नवा दांडा अजून पुडक्यात होता. ताई घडीमामाच्या हाताला धरून उठली. ती वळली. आता तिचं तोंड माझ्याकडे होतं, आणि डावा हात मोकळा. तिने मला धरलं.

तिने नुसता हात ठेवला नाही. पाचही बोटं माझ्याभोवती आवळली आणि अंगाचा सगळा भार माझ्यावर दिला. चारही स्क्रूंपर्यंत तो मला जाणवला. टॉवेल लोंबतो, माकड लटकतं, ते वेगळं. माणूस धरतो तेव्हा काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी हललो नाही, एवढंच सांगतो.

"असाच हवा," ती सुताराला म्हणाली. "हा अगदी चांगला आहे. याचा काही दोष नाही."

मग तिने हात काढला, काठी घेतली आणि ती गेली. छोटी बोळात बॅगा घेऊन उभी होती. त्यानंतर त्या दोघी मला कधी दिसल्या नाहीत.

आता या बाथरूममध्ये आम्ही दोघं दांडे आहोत, एक डावीकडे, एक उजवीकडे. घडीमामाचे केस पांढरे झालेत. पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारतो, "उठताना तुम्ही कुठल्या हाताने धरता?" कुणी पटकन सांगतं. कुणी लाजतं आणि म्हणतं, तसं काही लागत नाही हो मला. मग तो फडकं खांद्यावर टाकून तिथेच उभा राहतो. थोड्या वेळाने ते सांगतात.

मित्रांनो, माझ्यासारखे दांडे तुम्हाला दवाखान्यात, शाळेत, स्टेशनवर कुठेतरी दिसतील. त्यांच्यावर ओले कपडे टाकू नका, दोऱ्यांना गाठी मारू नका. आणि उद्या कुणासाठी काही करायची वेळ आली, तर आधी त्या माणसालाच विचारा, त्याला ते कुठे हवंय आणि कसं हवंय. विचारलंत की लगेच हात पुढे करू नका. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढं थांबा.